एंटर न दाबता: टर्मिनलमध्ये एकेक बटण वाचायचं कसं

टर्मिनलमध्ये चालणारा एखादा छोटा खेळ लिहायला घ्या. साप पडद्यावर आपोआप सरकतोय आणि बाणाचं बटण दाबलं की वळतोय, एवढंच हवंय. सीमध्ये गेटचार किंवा पायथनमध्ये इनपुट वापरून पहिला प्रयत्न केला की दोन गोष्टी लगेच खटकतात. डावा बाण दाबला तरी साप वळत नाही, एंटर दाबल्यावर कुठे प्रोग्रामला जाग येते. शिवाय बटण दाबलंच नाही तर साप जागचा हलत नाही, कारण अख्खा प्रोग्राम इनपुटच्या त्या एका ओळीवर खोळंबलेला असतो.

बहुतेक जण या दोन तक्रारींना एकच तक्रार समजतात आणि दोन्हींवर मिळून एक उपाय शोधायला निघतात. गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिली वाट पाहणी एंटरची आहे आणि ती टर्मिनलच्या सेटिंगमुळे होते. दुसरी कुठल्याही बटणाची आहे, आणि ती तुमचा प्रोग्राम डेटा कसा मागतो यावर ठरते. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. खालचं बरंचसं लिनक्स, मॅकओएस आणि युनिक्स घराण्यातल्या इतर सिस्टिम्सना धरून आहे. विंडोजचा कारभार निराळा, त्याबद्दल शेवटाकडे.

बटण अडतं कुठे

पहिला संशय साहजिकच सी लायब्ररीच्या बफरवर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवण्याच्या जागेवर, जातो. मग कुणीतरी सेटव्हीबफ वापरून बफर बंद करायला सांगतं. तुम्ही करता, आणि फरक शून्य. होणारही नाही, कारण दाबलेल्या बटणाचा बाइट अजून तुमच्या प्रोग्रामपर्यंत आलेलाच नसतो.

बटण दाबल्यावर टर्मिनलची खिडकी त्याचा बाइट एका आभासी टर्मिनलमध्ये लिहिते. त्या आभासी टर्मिनलच्या दोन टोकांमध्ये कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, एक थर बसलेला असतो, त्याला लाइन डिसिप्लिन म्हणतात. हा थर म्हणजे अर्ज पूर्ण भरल्याशिवाय पुढच्या टेबलावर न सरकवणारा कारकून. नेहमीच्या स्थितीत, म्हणजे कॅनॉनिकल मोडमध्ये, तो अक्षरं स्वतःजवळ गोळा करतो, ओळ संपली की अख्खी ओळ एकदम प्रोग्रामच्या हवाली करतो, आणि तोवर प्रोग्रामच्या रीड या सिस्टिम कॉलला ताटकळत ठेवतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. टर्मिनलमध्ये नुसतं कॅट, म्हणजे आलेलं इनपुट तसंच छापणारी कमांड, लिहून एंटर दाबा. आता काही अक्षरं टाइप करा, दोन खोडा, वेगळी दोन लिहा आणि एंटर दाबा. कॅट दुरुस्त केलेली ओळ एकदाच छापेल. कॅटमध्ये बॅकस्पेस हाताळणारा कोड औषधालाही नाही. खोडण्याचं काम कर्नलने केलं, आणि कॅटला त्याचा पत्ताही लागला नाही. कंट्रोल-यू दाबून पूर्ण ओळ पुसणं आणि कंट्रोल-डब्ल्यू दाबून मागचा शब्द खाणं, हेही त्याच थराचं काम. आता वरचा बाण दाबा. जुनी ओळ येणार नाही. पडद्यावर टोपीचं चिन्ह, दोन चौकटी कंस आणि कॅपिटल ए असा कचरा उमटेल. हा कचरा पुढे कामाला येणार आहे.

तिथेच आणखी एक गंमत करून पाहा. तीन अक्षरं लिहा आणि एंटरऐवजी कंट्रोल-डी दाबा. कॅट ती तीन अक्षरं लगेच छापतं. कंट्रोल-डी म्हणजे फाइल संपली, असं आपण शिकतो, पण प्रत्यक्षात त्या बटणाचा हुकूम 'जमलंय तेवढं आत्ताच देऊन टाक' एवढाच आहे. काहीच जमलेलं नसताना दाबलं तर प्रोग्रामच्या हाती शून्य बाइट पडतात, आणि शून्य बाइट म्हणजे इनपुट संपलं असा संकेत आहे.

ओळीओळीने काम करायची ही रीत कागदावर छापणाऱ्या टेलिटाइप यंत्रांच्या काळातली. १९६३ साली आलेलं मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं. कागदावरचं अक्षर पुसता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या युनिक्समध्ये # हे चिन्ह टाइप केलं की मागचं एक अक्षर रद्द व्हायचं आणि @ केलं की पूर्ण ओळ. ही खोडाखोड कर्नलच निस्तरत असल्यामुळे प्रत्येक प्रोग्रामला ती लिहावी लागत नसे, आणि एकाच मशीनवर बसलेल्या अनेकांच्या प्रत्येक बटणामागे प्रोग्रामला उठवावंही लागत नसे. यंत्रं गेली, रीत राहिली. लिनक्समध्ये आजही कॅनॉनिकल मोडमधली एक ओळ ओळ-समाप्तीचं अक्षर धरून ४०९६ बाइटांपेक्षा लांब होऊ शकत नाही. त्याहून लांब ओळ टर्मिनलमध्ये पेस्ट केली तर जास्तीची अक्षरं गुपचूप गळतात.

मग बॅश या शेलच्या, म्हणजे कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रॉम्प्टवर बाण कसे चालतात? कारण प्रॉम्प्ट दाखवताना बॅश स्वतःच कॅनॉनिकल मोड बंद करून बसतं. त्याच खिडकीत टर्मिनलची सेटिंग दाखवणारी एसटीटीवाय ही कमांड मायनस ए देऊन चालवली, तर मोड चालू असल्याचं दिसतं, कारण कुठलीही कमांड सुरू करण्याआधी बॅश सेटिंग पूर्ववत करतं. खरं चित्र पाहायचं असेल तर दुसऱ्या खिडकीतून, मायनस एफ हा पर्याय वापरून, पहिल्या खिडकीच्या टर्मिनलची सेटिंग विचारा. तिथे आयकॅनॉन या नावाआधी उणे चिन्ह दिसेल, म्हणजे बंद.

पहिली वाट: एंटरची

टर्मिनलची सेटिंग टर्मिऑस नावाच्या एका स्ट्रक्चरमध्ये असते. टीसीगेटअ‍ॅट्रने ती वाचायची, हवे ते फ्लॅग, म्हणजे चालू-बंद खुणा, बदलायचे आणि टीसीसेटअ‍ॅट्रने परत बसवायची. आपल्याला मुख्यतः दोन फ्लॅग लागतात. आयकॅनॉन बंद केला की ओळ जमवणं थांबतं आणि प्रत्येक बाइट लगेच पुढे येतो. एको बंद केला की दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटत नाही. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. पासवर्ड विचारणारा प्रोग्राम सहसा फक्त एको बंद करतो, म्हणून तिथे अक्षरं दिसत नसली तरी बॅकस्पेस चालतो आणि एंटरही लागतो.

या दोन फ्लॅगवर थांबलात तर त्या स्थितीला सीब्रेक म्हणतात. पायथनच्या टीटीवाय मॉड्यूलमधलं सेटसीब्रेक हे फंक्शन दोन्ही फ्लॅग एकदम बंद करतं. पडद्यावर मजकूर मांडणाऱ्या कर्सेस लायब्ररीतलं सीब्रेक मात्र एकोला हात लावत नाही, त्यासाठी नोएको वेगळं म्हणावं लागतं. नाव एक, वागणूक दोन. इथे बरेच जण फसतात.

सीब्रेकच्या पुढची पायरी म्हणजे रॉ मोड. त्यात आणखी बरंच काही बंद होतं. आयसिग फ्लॅग गेला की कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्राम बंद पडत नाही, ३ या किमतीचा एक बाइट तेवढा मिळतो. त्याचं काय करायचं हे तुम्ही लिहिलं नसेल, तर प्रोग्राम थांबवायला दुसरी खिडकी उघडून किल चालवावं लागतं. आयसीआरएनएल गेला की एंटरचा बाइट १० ऐवजी १३ येतो. कीबोर्डवरून येतो तो मुळात १३च, कर्नल वाटेत त्याचा १० करत असतो. आणि ओपोस्ट गेला की छापलेल्या ओळी जिन्यासारख्या उजवीकडे घसरत जातात, कारण नवी ओळ म्हणजे फक्त एक ओळ खाली. कर्सर डाव्या कडेला आणणं हे वेगळं अक्षर आहे, ते कर्नल एरवी आपणहून जोडत असतं.

माझं मत विचाराल तर, तुम्ही टेक्स्ट एडिटर किंवा दूरच्या मशीनला जोडणारा प्रोग्राम लिहीत नसाल तर रॉ मोडच्या वाटेला जाऊ नका. खेळ, मेनू, 'पुढे जायला कुठलंही बटण दाबा' अशा कामांना सीब्रेक पुरेसा आहे आणि त्यात कंट्रोल-सी शाबूत राहतं. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये मात्र हाताशी सेटरॉमोड हेच असतं. तिथे ३ हा बाइट आला की बाहेर पडा, ही ओळ सगळ्यात आधी लिहावी आणि मग बाकीचा प्रोग्राम.

व्हीमिन आणि व्हीटाइम

कॅनॉनिकल मोड बंद केल्यावर ओळीचा हिशेब संपतो. मग रीडने परतायचं कधी? हे ठरवायला दोन आकडे आहेत. व्हीमिन म्हणजे किमान किती बाइट आल्यावर परतायचं, आणि व्हीटाइम म्हणजे किती वेळ थांबायचं, तोही सेकंदाच्या दहाव्या भागात मोजून.

व्हीमिन १ आणि व्हीटाइम ० ही सगळ्यात साधी जोडी: एक तरी बाइट येईपर्यंत थांब. एंटरची वाट संपली, बटणाची राहिली. दोन्ही शून्य केले तर रीड कधीच थांबत नाही, असेल ते देतो आणि नसेल तर शून्य बाइट घेऊन परततो. व्हीमिन ० आणि व्हीटाइम ५ म्हणजे जास्तीत जास्त अर्धा सेकंद थांब, मग रिकाम्या हाताने का होईना परत ये. दोन्ही शून्याहून मोठे असतील तेव्हा घड्याळाची वागणूक बदलते. ते पहिला बाइट आल्यावर सुरू होतं आणि दर बाइटला नव्याने मोजायला लागतं. त्यामुळे एकही बटण दाबलं नाही तर रीड अनंतकाळ थांबू शकतो. व्हीटाइम दिलाय म्हणजे कधीतरी सुटेलच, असं समजून बसलेल्यांना ही जोडी हमखास चकवते.

इथे एक जुना सापळा आहे. युनिक्ससारख्या सिस्टिम्ससाठीचं पॉझिक्स मानक काही सिस्टिम्सना व्हीमिनची जागा आणि कंट्रोल-डीचा कोड ठेवायची जागा एकच वापरायची मुभा देतं. कंट्रोल-डीचा कोड ४ आहे. अशा सिस्टिमवर तुम्ही आयकॅनॉन बंद केला पण व्हीमिन स्पष्ट लिहिला नाही, तर तिथे पडलेला ४ हाच व्हीमिन ठरतो, आणि चार बटणं दाबेपर्यंत प्रोग्राम ढिम्म हलत नाही. लक्षण इतकं विचित्र असतं की कीबोर्ड बिघडला असंच वाटावं. लिनक्समध्ये दोन्ही जागा बहुतेक ठिकाणी वेगळ्या असतात, तरी आयकॅनॉन बंद करताना हे दोन्ही आकडे स्वतः भरायची सवय लावून घ्यावी.

दोन्ही शून्य ठेवायच्या पद्धतीतही एक खोच आहे. शून्य बाइट म्हणजे इनपुट संपलं, हा संकेत वर आलाच आहे. रीड थेट वापरत असाल तर तुम्ही समजून घ्याल, पण गेटचार समजून घेत नाही. ते इनपुट संपल्याचा शिक्का मारून ठेवतं आणि मग क्लिअरएर म्हटल्याशिवाय पुढचं काही वाचायला तयार होत नाही.

दुसरी वाट: कुठल्याही बटणाची

साप बटण न दाबताही चालत राहायला हवा. व्हीमिन ० करून लूप फिरवला तर काम होतं, पण लूप मध्ये कुठेच थांबला नाही तर प्रोसेसरचा एक गाभा शंभर टक्के राबत राहतो, निव्वळ 'काही आलं का, काही आलं का' असं विचारण्यात. त्यात स्लीप घातला तर तो भार उतरतो, पण झोपेत असताना दाबलेलं बटण झोप संपेपर्यंत ताटकळतं.

चांगला मार्ग पोल किंवा सिलेक्ट. या कॉलला तुम्ही सांगता, 'या इनपुटवर काही आलं तर लगेच उठव, नाहीतर ५० मिलिसेकंदांनी उठव.' बटण दाबलं तर ताबडतोब जाग येते, नाही दाबलं तर ५० मिलिसेकंदांनी येते, साप एक घर सरकतो आणि लूप पुन्हा झोपतो. मधल्या वेळात प्रोसेसरवर भार जवळजवळ नसतो. एक बारकावा लक्षात ठेवायचा: बटण दाबल्यामुळे लवकर जाग आली तर पुढच्या वेळी पूर्ण ५० देऊ नका, उरलेला वेळच द्या. नाहीतर भराभर बटणं दाबणाऱ्याचा साप अडखळत चालतो.

तिसरा एक मार्ग सर्रास सुचवला जातो: इनपुटवर ओ-नॉनब्लॉक हा फ्लॅग लावणे. मी तो टाळायला सांगेन. हा फ्लॅग तुमच्या प्रोग्रामच्या खात्यावर नाही, उघडलेल्या टर्मिनलच्या नोंदीवर लागतो, आणि शेलमधून सुरू केलेल्या प्रोग्रामचं इनपुट, आउटपुट आणि एररचं आउटपुट ही तिन्ही सहसा त्या एकाच नोंदीकडे बोट दाखवत असतात. परिणामी इनपुटला लावलेला फ्लॅग आउटपुटलाही चिकटतो. मोठा मजकूर छापताना टर्मिनल जरा मागे पडलं की लिहिणं ईअगेन ही चूक देऊन अर्ध्यावर सुटतं. प्रोग्राम फ्लॅग न काढता संपला तर त्याच टर्मिनलमधले पुढचे प्रोग्रामही त्यात भरडले जातात.

पोल वापरतानाही वाचायचं ते रीडने, पायथनमध्ये ओएस मॉड्यूलच्या रीडने. सिसमधल्या स्टडइनकडून एक अक्षर मागितलं तर ते आतून जेवढे बाइट उपलब्ध असतील तेवढे ओढून स्वतःच्या बफरमध्ये ठेवतं आणि तुम्हाला एकच देतं. त्यानंतर पोल सांगतो की काही आलेलं नाही. त्याचंही खरंच असतं, कर्नलकडे काही उरलेलं नसतं. उरलेले बाइट तुमच्याच प्रोग्रामच्या पोटात असतात आणि पुढचं बटण दाबल्यावर एकेक करून बाहेर येतात. बाण दाबला की साप एक बटण उशिरा वळतो, असं दिसलं तर पहिला संशय इथे घ्यावा.

एक बटण, अनेक बाइट

बाणाला स्वतःचा बाइट नाही. वरचा बाण म्हणजे २७, ९१, ६५ हे तीन बाइट: एस्केप, चौकटी कंस, कॅपिटल ए. कॅटमध्ये दिसलेला कचरा तो हाच. टोपी आणि पहिला कंस मिळून एस्केपचं दृश्य रूप होतं. खालच्या बाणाला शेवटी ६६ येतो, उजव्याला ६७, डाव्याला ६८. टर्मिनल दुसऱ्या एका मोडमध्ये असेल तर मधल्या ९१ ऐवजी कॅपिटल ओचा ७९ येतो, म्हणून दोन्ही ओळखावेत.

आता खरी पंचाईत. वापरणाऱ्याने नुसतं एस्केप दाबलं तर एकटा २७ येतो. बाणाची सुरुवातही २७नेच होते. २७ हाती आल्यावर पुढे काही येणार आहे की नाही, हे त्या बाइटकडे पाहून सांगताच येत नाही. थोडं थांबून पाहणं एवढाच उपाय आहे. एनकर्सेस लायब्ररीत हा थांबा मुळात १००० मिलिसेकंदांचा असतो, म्हणून काही प्रोग्रामांत एस्केप दाबल्यावर सेकंदभर काहीच घडत नाही. एकाच मशीनवर काम असेल तर २५ ते ५० मिलिसेकंद भरपूर झाले. नेटवर्कवरून दूरच्या मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रामात बाणाचे तीन बाइट क्वचित दोन तुकड्यांत येतात. थांबा फार कमी ठेवला तर तिथे बाणाचा एस्केप होऊन बसतो आणि मागे कंस आणि ए अशी दोन फुकटची बटणं येतात. व्हीटाइमची सर्वांत लहान पायरी १०० मिलिसेकंदांची असल्याने या कामाला पोलच बरा.

देवनागरीचाही विचार करायला हवा. 'क' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १४९ असे तीन बाइट घेतं. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण नऊ बाइट. एका वेळी एकच बाइट वाचून त्यालाच अक्षर मानणारा प्रोग्राम इथे कोसळतो. एका दमात मिळतील तेवढे बाइट, समजा ६४ पर्यंत, वाचून घ्यावेत, मग त्यांचे तुकडे पाडावेत, आणि शेवटी अर्धवट राहिलेले बाइट पुढच्या वाचनासाठी जपून ठेवावेत. कॅनॉनिकल मोडमध्ये लिनक्सला याच कारणासाठी आययूटीएफ-८ हा फ्लॅग ठेवावा लागलाय. तो नसेल तर बॅकस्पेस अक्षराऐवजी एक बाइट खोडतो आणि मागे मोडकं अक्षर उरतं.

काही बटणांमध्ये फरक करणं तर मुळातच अशक्य आहे. कंट्रोल-आय आणि टॅब दोन्ही ९ पाठवतात, कंट्रोल-एम आणि एंटर दोन्ही १३. शॉर्टकट ठरवताना ही बटणं वगळलेली बरी.

घेतलं तसं परत ठेवणं

फाइल उघडी राहिली तर प्रोग्राम संपताना ती आपोआप बंद होते. टर्मिनलच्या सेटिंगचं तसं नाही, कारण ती तुमच्या प्रोग्रामची नसतेच. ती टर्मिनलची असते, आणि तुम्ही गेल्यावरही तशीच राहते. म्हणून बदल करण्याआधी जुनी सेटिंग जपून ठेवायची आणि बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर ती परत बसवायची. पायथनमध्ये ट्राय-फायनली पुरतं. सीमध्ये अ‍ॅटएक्झिट लावावं, आणि सिग्नल हँडलरमध्येही टीसीसेटअ‍ॅट्र बेधडक बोलवावं, ते तिथे सुरक्षित मानलेल्या मोजक्या कॉल्सपैकी आहे. प्रिंटएफ नाही.

कंट्रोल-झेड विसरू नका. सीब्रेकमध्ये ते चालतं, प्रोग्राम निजतो आणि शेल टर्मिनलचा ताबा घेतं. एफजी ही कमांड देऊन परत आल्यावर सेटिंग तुमची राहिलेली असेलच असं नाही, म्हणून सिगकॉन्ट सिग्नल मिळाला की ती पुन्हा लावावी.

सिगकिलने, म्हणजे अडवता न येणाऱ्या सिग्नलने, मारलेल्या प्रोग्रामला काहीच आवरता येत नाही. काही शेल अशा वेळी स्वतःहून सेटिंग सावरून घेतात, पण त्यावर विसंबू नये. टाइप केलेलं दिसत नाही अशी अवस्था झाली तर खिडकी बंद करायची गरज नाही. आंधळेपणाने एसटीटीवाय सेन एवढं टाइप करून एंटर दाबा. एंटरही चालत नसेल तर कंट्रोल-जे दाबा, तो थेट १० हा बाइट पाठवतो. पडद्यावरची अक्षरंही बिघडली असतील तर रीसेट ही कमांड.

सेटिंग बदलताना टीसीसेटअ‍ॅट्रला कधी बदलायचं हेही सांगावं लागतं. लगेच, की आधीचं आउटपुट संपल्यावर, की आउटपुट संपवून आणि न वाचलेलं इनपुट फेकून देऊन. 'सगळ्या फाइली पुसू का?' असं एका बटणात विचारणाऱ्या प्रोग्रामने शेवटचा पर्यायच वापरावा. आधीचं काम चालू असताना चुकून दाबलं गेलेलं वाय हे बटण रांगेत उभं असू शकतं, आणि प्रश्न पडद्यावर दिसायच्या आत त्याचं उत्तर दिलं जाऊ शकतं.

इनपुट टर्मिनलऐवजी पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या आउटपुटमधून, येत असेल तर टीसीगेटअ‍ॅट्रच चूक देतं. आधी इझएटीटीवायने खात्री करावी. डेटा पाइपमधून आणि बटणं कीबोर्डवरून, असं दोन्ही हवं असेल तर बटणांसाठी /डेव्ह/टीटीवाय ही फाइल वेगळी उघडता येते. पानं उलटत मजकूर दाखवणारे प्रोग्राम पाइपमधून मजकूर घेत असतानाही बटणांना दाद देतात, ते या सोयीमुळे.

नुसती शेल स्क्रिप्ट असेल तर यातलं काही नको. बॅशच्या रीडला मायनस एन १, मायनस एस आणि मायनस टी ०.१ दिलं की एक बटण, न दाखवता, जास्तीत जास्त सेकंदाचा दहावा भाग थांबून वाचलं जातं, आणि सेटिंगची मांडामांड बॅशच करतं. बाणाचे मात्र तीन बाइट तीन वेळा वाचावे लागतात. दुसऱ्या टोकाला, पूर्ण पडद्याचा खेळ असेल तर कर्सेस वापरा. त्यात कीपॅड चालू केलं की बाण एका आकड्यात मिळतो, आणि टाइमआउटला मिलिसेकंद दिले की गेटसीएच तेवढंच थांबतं, काही न आल्यास उणे १ देतं.

विंडोज, आणि बटण सोडल्याची खबर

विंडोजमध्ये हे दुखणं कमी आहे. डॉसच्या काळापासून केबीहिट आणि गेटसीएच ही जोडी चालत आली आहे. पहिलं फंक्शन बटण दाबलंय का ते सांगतं, दुसरं एंटरशिवाय वाचतं. पायथनमध्ये ती एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलमध्ये आहेत. बाण दाबला की आधी ० किंवा २२४ मिळतो आणि मग खरा कोड, वर ७२, खाली ८०, डावीकडे ७५, उजवीकडे ७७. जुन्या पुस्तकांतला कोनिओ हेडर लिनक्सवर शोधत बसू नका, तो तिथे नाही.

विंडोजचा कन्सोल प्रोग्रामला प्रत्येक बटणाची स्वतंत्र घटना देतो, आणि बटण दाबलं की सोडलं तेही त्यात असतं. युनिक्सच्या साध्या टर्मिनलमध्ये फक्त बाइट येतात, आणि बटण सोडल्याचा बाइटच नाही. बटण दाबून धरलं तर तोच बाइट पुन्हा पुन्हा येतो, पण पहिल्या आणि दुसऱ्या बाइटमध्ये जरा मोठा थांबा असतो. म्हणून 'धरलंय तोवर पळ' असा खेळ तिथे सुरुवातीलाच एक गचका खातो. किटी या टर्मिनलने आणलेला कीबोर्ड प्रोटोकॉल बटण सोडल्याचीही खबर देतो आणि टॅब व कंट्रोल-आय वेगळे करतो. तो आता इतरही काही टर्मिनल्सना समजतो, सगळ्यांना नाही. त्यामुळे प्रोग्रामने आधी टर्मिनलला विचारावं, उत्तर आलं नाही तर साध्या बाइटांवर यावं, आणि खेळाचे नियमच असे ठेवावेत की एकदा बटण दाबलं की दिशा बदलते आणि पुढचं बटण येईपर्यंत तीच राहते.